फंक्शन्स डॉट पीएचपी : एक रसग्रहण

पुस्तकांवर अभिप्राय लिहिणाऱ्या माणसाच्या दारात काय काय येऊन पडतं, याची कल्पना न लिहिणाऱ्याला यायची नाही. कवितासंग्रह येतात ते सोडा, ते पावसासारखे दरसाल येणारच. पण मंगलाष्टका येतात, पंचविशी गाठलेल्या भातगिरणीच्या मालकाचं मानपत्र येतं ('जरा भारदस्त करून द्या'), आणि एकदा तर एका गृहस्थांनी कुठल्याशा कार्यालयाला लिहिलेला तक्रारअर्ज 'शैलीच्या दृष्टीने' तपासायला दिला होता. मी कोणालाही नाही म्हणत नाही. गोंदियासारख्या गावात नाही म्हटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीबाजारात समोर उभा असतो.

तरीदेखील एक निवृत्त गुरुजी जे बाड घेऊन आले, तसलं बाड माझ्याकडे पूर्वी कधी आलं नव्हतं. चाळीसेक पानं, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेली, वरती पुठ्ठा, कडेला दोरा ओवलेला. पहिल्या पानावर नाव : फंक्शन्स डॉट पीएचपी. लेखकाचं नाव परदेशी. प्रस्तावना नाही, अर्पणपत्रिका नाही, मूल्य नाही.

"तुमी एवढ्या पुस्तकांना नावं ठेवता जी," गुरुजी म्हणाले, "यालेही ठेवून पाहा."

गुरुजींनी जन्मभर मराठी व्याकरण शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांनी जिल्ह्यातली तळी, बोड्या आणि त्यांच्या काठी उतरणारे सारस यांवर लिहायला घेतलं. आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला, आणि वाटणीत आमच्याकडे तळी पुष्कळ आली. त्या तळ्यांची नावं, ती कोणी बांधली, बांधावर काय काय उगवतं, हे सगळं गुरुजींच्या वह्यांत होतं. ते जगाला वाचता यावं म्हणून त्यांनी वर्डप्रेसवर ब्लॉग उघडला आणि त्याला एक फुकट मिळणारी थीम लावली. थीम म्हणजे काय, हे माझ्यासारख्या वाचकांसाठी सांगतो : मजकूर आपला, पण मथळा कुठे, तारीख कुठे, 'पुढे वाचा' कुठे, हे जी ठरवते ती थीम. लग्नात नवरा-नवरी आपली, पण मांडववाला सांगेल तिथे बसायचं, त्यातला प्रकार. गुरुजींना या मांडवात तीन-चार किरकोळ बदल करायचे होते. तारीख मराठीत यावी, मथळा मराठीत नीट दिसावा, आणि तालुकावार यादी लागावी. एवढ्यासाठी त्यांनी आतली फाइल उघडली आणि ती बंद करायची शुद्ध त्यांना पुढे तीन महिने राहिली नाही.

आता तुम्ही म्हणाल, संगणकाच्या कोडाचं परीक्षण साहित्याच्या समीक्षकाने का करावं? त्याचं उत्तर वर्डप्रेसवाल्यांनीच देऊन ठेवलं आहे. त्यांचं बोधवाक्य आहे, 'कोड इज पोएट्री'. कोड ही कविता आहे! तेव्हा आमचा हक्क पोहोचतो. एखाद्याने आपल्या लिखाणाला हिशेबाची वही म्हटलं असतं तर मी मुकाट्याने परत दिलं असतं. पण ज्याने आपण होऊन कविता म्हटलं, त्याने समीक्षकाला घराची किल्ली दिली.

प्रथम कवीच्या घराण्याविषयी. पीएचपी ही भाषा १९९४ मध्ये रासमुस लेरडॉर्फ या ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या गृहस्थाने स्वतःपुरती तयार केली आणि १९९५ मध्ये चारचौघांत आणली. कशासाठी केली, तर आपला बायोडाटा किती जण येऊन पाहतात हे मोजण्यासाठी. हे वाचल्यावर माझा या माणसाविषयीचा आदर एकदम वाढला. आपलं लिखाण वाचलं तरी कोणी, ही चिंता मराठी लेखकाला जन्मभर असते. पण त्यासाठी भाषा निर्माण करण्यापर्यंत आमच्यापैकी कोणी गेलं नाही. पुढे इस्रायलमधल्या आंदी गुटमन्स आणि झेएव सुरास्की या दोन विद्यार्थ्यांनी ती नव्याने बांधली. त्यांनी जाताजाता एका चिन्हाचं नाव हिब्रूत ठेवून दिलं. दोन अपूर्णविराम शेजारी शेजारी आले की त्याला 'पामायिम नेकुदोतायिम' म्हणायचं, म्हणजे 'दोनदा दोन टिंबं'. त्यात काही चुकलं की यंत्र हेच नाव तोंडावर फेकायचं. जगभरच्या नवशिक्यांनी वर्षानुवर्षं ही शिवी समजून सहन केली. २०२० मध्ये आलेल्या आठव्या आवृत्तीपासून यंत्र नुसती ती टिंबं दाखवतं. एका सुंदर शब्दाला अशा रीतीने सेवानिवृत्त केलं गेलं याचं मला थोडं वाईट वाटतं.

वर्डप्रेस २००३ च्या मे महिन्यात आलं आणि थीमची सोय २००५ मध्ये. मोकळ्या परवान्याने दिलेलं लिखाण आहे : वाचा, बदला, बदललेलं दुसऱ्याला द्या. आमच्याकडे चारोळी उचलली तर कवी पोलिसात जायची भाषा करतो. इथे अख्खा ग्रंथ घ्या आणि त्यात वाटेल ते करा, असं ग्रंथकारच सांगतो. हे औदार्य खरं आहे आणि समीक्षकाने ते आधी कबूल केलं पाहिजे. माझं म्हणणं पुढचं आहे. ज्याला बदलायचा हक्क दिला, त्याच्या भाषेची मापं घ्यायला कवी विसरला तर त्या हक्काचं काय होतं?

आता शैली. या भाषेची विरामचिन्हं पाहून गुरुजींची पहिली रात्र झोपेविना गेली. इथे वाक्य संपलं की अर्धविराम द्यायचा. पूर्णविरामही आहे, पण त्याचं काम जोडण्याचं! दोन शब्द एकत्र आणायचे असले की मध्ये पूर्णविराम. म्हणजे जिथे थांबायचं तिथे अर्धं थांबायचं आणि जिथे पूर्ण थांबायचं तिथे हात धरून पुढे जायचं. तीस वर्षं ज्यांनी पोरांच्या निबंधात लाल शाईने पूर्णविराम घातले, त्या माणसाने हे कसं सोसावं?

'बरोबर' या चिन्हाची तर तीन घराणी आहेत. एक रेघजोडी (=) म्हणजे बरोबर नव्हे; ते 'हे याला देऊन टाक'. अशा दोन (==) म्हणजे 'साधारण सारखं'. तीन (===) म्हणजे कुळशील, गोत्र, नाडी सगळं पाहून सारखं. यातल्या मधल्या प्रकाराने मोठे घोटाळे केले. 'गोंदिया' हा शब्द आणि शून्य हा आकडा यांची तुलना त्या दोन चिन्हांनी केली, तर आठवी आवृत्ती येईपर्यंत ही भाषा सांगत असे की दोन्ही सारखे आहेत. मी हे ऐकलं तेव्हा माझा जिल्ह्याभिमान उफाळून आला. राजधानीकडून आमची किंमत शून्य धरली जाते हा आमचा जुना समज. त्याला ग्रीनलंडहून दुजोरा मिळाला. मग गुरुजींनी समजावलं की पुणेही शून्यच होतं आणि मुंबईही. आकड्याने सुरू न होणारा कुठलाही शब्द शून्य. हे कळल्यावर भाषेविषयीचा राग बराच निवळला.

नवशिक्याची खरी परीक्षा मात्र चूक सापडण्यात असते. अर्धविराम राहिला सत्तेचाळिसाव्या ओळीवर आणि यंत्र ओरडतं अठ्ठेचाळिसावीवर. कारण सत्तेचाळिसावी संपली हे त्याला कळलेलंच नसतं. पुढच्या ओळीवरचा शब्द दिसतो तेव्हा ते दचकतं आणि म्हणतं, 'अनएक्स्पेक्टेड!' अनपेक्षित! म्हणजे पाकीट मारणारा आमगावला उतरून गेला आणि पकडला कोण, तर गोंदियाला चढलेला. गुरुजी त्या निरपराध अठ्ठेचाळिसाव्या ओळीची दोन दिवस उलटतपासणी करत होते. महिरपी कंस एक जरी मिटायचा राहिला तरी आठवी आवृत्ती येईपर्यंत यंत्र थेट फाइलच्या शेवटी जाऊन सांगत असे की शेवट अनपेक्षित आहे. नवकथेच्या काळात हा गुण समजला गेला असता.

आणि या आरोळ्या तरी बऱ्या. पूर्वी चूक झाली की कित्येकदा काहीच दिसत नसे. नुसतं पांढरं पान. २०१७ च्या अखेरीस वर्डप्रेसने एवढं केलं की त्याच्याच आतल्या खिडकीत बसून बदल केला आणि तो प्राणघातक निघाला, तर तो मागे घेतला जातो. आता पांढऱ्या पानाच्या जागी एक निवेदन येतं की या ठिकाणी 'क्रिटिकल एरर' झाली आहे. गुरुजींनी मला फोन करून विचारलं, "तुमच्या धंद्यातलाच शब्द दिसते जी. समीक्षकाची चूक म्हणायची का ही?" मी ती सपशेल नाकारली.

ते अवतरणचिन्हांचं प्रकरण तर मराठीच्या प्रत्येक मास्तराने ऐकावं असं आहे. गुरुजी आपल्या ओळी आधी वर्डमध्ये टाइप करत. तिथे उघडणारं अवतरणचिन्ह वेगळं, मिटणारं वेगळं, दोन्ही छान वळणदार येतात. छापील मराठीला तेच शोभतं. पीएचपीला मात्र ही वळणं चालत नाहीत. तिला सरळ उभी, टाचणीसारखी चिन्हं हवीत. गंमत अशी की वळणदार चिन्ह पाहून ती 'हे चिन्ह चुकलं' असं म्हणत नाही. तिला ते शब्दाचाच भाग वाटतं. तेव्हा गुरुजींनी इतक्या निगुतीने अवतरणात घातलेलं 'पुढे वाचा' हे तिला दोन अनोळखी इसमांची नावं वाटली : एक 'अवतरण-पुढे', दुसरा 'वाचा-अवतरण'. अगदी तसंच आकड्यांचं. एका पानावर १० लेख दिसावेत म्हणून गुरुजींनी मराठी १० लिहिला. यंत्राने उत्तर दिलं की १० नावाचं कोणी इथे राहत नाही. इंग्रजी आकडा हाच तिच्या लेखी आकडा. मराठी आकडा म्हणजे कोणीतरी माणूस, ज्याचा पत्ता लागत नाही.

पण याच उदार अज्ञानातून एक लाभही झाला. इंग्रजीपलीकडची सगळी अक्षरं पीएचपीला नावातली अक्षरं वाटत असल्यामुळे, नावं चक्क मराठीत ठेवता येतात. $गाव लिहा, $तळं लिहा, चालतं. गुरुजींनी दुसऱ्याच दिवशी सगळी नावं बदलून $बोडी, $बांध, $सारस करून टाकली. त्या चाळीस पानांत मला कविता म्हणण्याजोग्या ज्या दोन-चार ओळी सापडल्या, त्या गुरुजींनी बदललेल्या आहेत. आणखी एक मान्य करतो. वर्डप्रेसचा तो 'लूप' : लेख आहेत तोवर, पुढचा लेख घे, मथळा सांग, मजकूर सांग, पुन्हा वर जा. भजनातल्या ध्रुवपदासारखा तो येतो आणि न समजणाऱ्यालाही समजतो.

एक छोटं पण अघोरी प्रकरण अदृश्य अक्षरांचं. फाइलच्या आरंभी, पीएचपी सुरू होण्याच्या आधी, काहीही असता कामा नये. एक रिकामी ओळदेखील नको. असलं तर यंत्र म्हणतं, मायना आधीच रवाना झाला, आता मी त्यात काही लिहू शकत नाही. आता पाहा. इंग्रजीत काम करणारा नोटपॅडमध्ये फाइल साध्या पद्धतीने जतन करी, त्याचं काही बिघडत नसे. मराठी अक्षरं असलेली फाइल तशी जतन केली की सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हं होत. म्हणून मराठी माणूस 'यूटीएफ-८' निवडी. आणि ते निवडलं की नोटपॅड गुपचूप फाइलच्या डोक्यावर तीन अदृश्य बाइट ठेवून देई. म्हणजे मराठी वाचवली तर मायना बिघडे आणि मायना वाचवला तर मराठी जाई. २०१९ मध्ये विंडोज १० च्या सुधारणेत नोटपॅडने ही सवय सोडली. तोवर किती मराठी ब्लॉग या तीन न दिसणाऱ्या टिकल्यांपायी जन्मण्याआधीच गेले असतील, त्याची नोंद कोण ठेवणार?

पण हे सगळं प्रास्ताविक झालं. माझा मुख्य आक्षेप वृत्ताचा आहे.

थीमकाराने मथळे एका ओळीत मावावेत म्हणून एक फंक्शन लिहिलं आहे : मथळ्याची पहिली पन्नास अक्षरं घ्या, बाकीची सोडा. हे काम तो 'सबस्ट्र' नावाच्या हत्याराने करतो. गुरुजींचा मथळा होता, 'नवेगावबांधच्या तळ्यावर सारस'. आपण मोजायला बसलो तर तीसही अक्षरं भरत नाहीत. म्हणजे अख्खा मथळा सुखरूप यायला हवा. आलं काय? 'नवेगावबांधच्या तळ' आणि त्यापुढे काळ्या शंकरपाळ्यात पांढरं प्रश्नचिन्ह! सारस उडाले, तळं आटलं, आणि बांधावर एक शंकरपाळं.

कारण हे हत्यार अक्षरं मोजतच नाही, बाइट मोजतं. इंग्रजी अक्षर एका बाइटात बसतं. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, मग तो 'न' असो, नुसती काना-मात्रा असो की अनुस्वाराचा ठिपका असो. 'तळ' पर्यंत एकोणपन्नास बाइट झाले. पन्नासावा बाइट पुढच्या पाय मोडण्याच्या चिन्हाचा पहिला तिसरा हिस्सा. यंत्राने तिथेच कुऱ्हाड घातली. एक तृतीयांश हलन्त! पाणिनीनेही हात जोडले असते.

आमच्या गावाचंच नाव घ्या. 'गोंदिया'. शाळेतलं पोर म्हणेल अक्षरं तीन : गों, दि, या. वृत्त जाणणारा म्हणेल मात्रा पाच : गों-च्या दोन, दि-ची एक, या-च्या दोन. पीएचपीला साध्या हत्याराने विचारा, ती म्हणते एकवीस. बहुबाइटी हत्याराने विचारा ('एमबी' असं त्याचं आडनाव आहे), ती म्हणते सात, कारण काना, वेलांटी, अनुस्वार हे तिच्या लेखी सुटे गडी. तिसरं एक हत्यार आहे, 'ग्रॅफीम' म्हणून. ते तीन सांगतं, म्हणजे पोराइतपत शहाणं. पण ते भाडोत्री घरातून, 'इंटल' नावाच्या जोडणीतून आणावं लागतं आणि ती जोडणी आपल्या सर्व्हरवर चालू असेल तरच मिळतं. बरं, त्यालाही जोडाक्षराचं कोडं होतंच. 'ळ्या' हे एकच अक्षर आहे, मध्ये तोडू नये, असा नियम युनिकोडच्या जागतिक ग्रंथात केव्हा आला? २०२३ मध्ये, आवृत्ती १५.१. ज्ञानेश्वरांपासून 'ज्ञ' जोडून लिहिणाऱ्या आम्हा लोकांना हे कळवावं असं कोणाच्या मनात आलं नाही.

जी भाषा स्वतःला कविता म्हणवते तिला अक्षरगणवृत्त येत नाही, मात्रावृत्त येत नाही, आणि ती एकवीस मोजून तीन म्हणजे एकवीसच असं छातीठोकपणे सांगते. आमच्याकडे पहिल्याच काव्यवाचनात अशा कवीला चहा देऊन बसवतात.

यावर सुधारणा म्हणून गुरुजींनी सात मोजणारं हत्यार लावलं आणि पन्नासाचे अठरा केले. आता मथळा आला, 'नवेगावबांधच्या तळ्'. शंकरपाळं गेलं, पण 'ळ'चा पाय मोडलेला. "लंगडा करून सोडला जी," गुरुजी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरी व्यथा होती. शिवाय एका हितचिंतकाने सुचवलं होतं की छापण्यापूर्वी मजकूर शुद्ध करणारं, सुरक्षिततेचं फंक्शन मध्ये घालावं. ते अर्धवट तुटलेल्या बाइटच्या काळात घातलं होतं, तेव्हा त्याने तो तुटका तुकडा पाहिला आणि अख्खा मथळाच खाऊन टाकला. पानावर तारीख आणि खाली फोटो, मध्ये शांतता. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. अशुद्ध दिसलं की सगळंच गाळायचं, हा आमच्या एका जुन्या संपादकांचाही नियम होता.

उपाय शेवटी सोपा निघाला, आणि तो वर्डप्रेसच्या घरातच २०११ पासून पडून होता. अक्षरं मोजायचीच नाहीत, शब्द मोजायचे. 'डब्ल्यूपी ट्रिम वर्ड्स' नावाचं फंक्शन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर तोडतं, शब्दाच्या अंगाला हात लावत नाही. पाच शब्द सांगितले आणि तळं भरलं, सारस परत आले. थीमकाराने हे का वापरलं नाही? तो दुष्ट नव्हता. त्याच्या अंगणात पन्नास अक्षरं म्हणजे पन्नास बाइट, त्याला कधी काही तुटलेलं दिसलंच नाही. दोष दिसण्यासाठी नवेगावबांधला यावं लागतं.

या कवीला कोणी कधी टोकलं नाही असंही नाही. पीएचपीच्या सहाव्या आवृत्तीत हे सगळं मुळातून सुधारायचं, जगातली सगळी लिपी आतून समजायची, असा संकल्प सुमारे २००५ मध्ये सोडला होता. काम जड झालं, मंद झालं, आणि २०१० मध्ये तो बेत सोडून दिला. पुढची मोठी आवृत्ती २०१५ मध्ये आली ती थेट सातवी. सहावी नाहीच. दरम्यान त्या न आलेल्या सहाव्या आवृत्तीवर पुस्तकं मात्र निघाली होती, दुकानांत विकली गेली होती. साहित्यात न वाचलेल्या पुस्तकावर लिहिणारे मी पाहिले आहेत (काही माझे मित्र आहेत), पण न झालेल्या पुस्तकावर पुस्तक लिहिणं हा पल्ला मोठाच.

आता भाषांतर. थीममधल्या 'पोस्टेड बाय' वगैरे इंग्रजी शब्दांचं मराठी करण्यासाठी वर्डप्रेसने जे फंक्शन दिलं आहे, त्याला नावच नाही. नुसत्या दोन अधोरेषा. अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर छापायचं नाही ही परंपरा आपलीच आहे असं मी समजत होतो. थीमकाराने एवढंही केलेलं नव्हतं. त्याने 'अमक्याने लिहिलं' आणि 'अमक्या तारखेला' हे शब्द सुटे सुटे, इंग्रजीच्या क्रमाने, त्या जोडणाऱ्या पूर्णविरामांनी शिवून टाकले होते. गुरुजींनी जागच्या जागी मराठी शब्द घातले, तेव्हा वाक्य झालं : 'यांनी लिहिलं गुरुजी रोजी ५ जानेवारी'. रिकाम्या जागांना क्रमांक देऊन 'पहिला शब्द आधी, दुसरा नंतर' असं हवं तसं फिरवायची सोय पीएचपीत आहे. ती वापरल्यावर माणसासारखं वाक्य आलं. तारखेचंही तसंच. थीमकाराने महिना थेट इंग्रजीत छापणारं फंक्शन घातलं होतं. ते काढून वर्डप्रेसचं स्वतःचं 'डब्ल्यूपी डेट' घातलं आणि ब्लॉगची भाषा मराठी ठेवली की जानेवारी आपसूक येतो.

हे सगळे बदल मूळ थीममध्ये न करता 'चाइल्ड थीम'मध्ये करायचे असतात, नाही तर मूळ थीमची नवी आवृत्ती आली की आपलं केलेलं सगळं पुसून जातं. आईबापांच्या घरात पोराने वेगळी चूल मांडायची आणि घर त्यांचंच वापरायचं. यात पोराचं फंक्शन्स डॉट पीएचपी आधी वाचलं जातं आणि मग बापाचं. हे वाचून गुरुजी बराच वेळ गप्प होते. त्यांचा मुलगा पुण्याला असतो.

राहिली विभक्ती. तालुकावार यादीवर मथळा हवा होता : अमुक तालुक्याचं नाव, पुढे 'तील तळी'. जिल्ह्यात तालुके आठ. यंत्राने नावाला 'तील' चिकटवलं. 'देवरीतील' बरोबर आलं. 'गोंदियातील' बरोबर आलं. आणि मग आलं 'तिरोडातील'. व्याकरणाच्या मास्तराच्या घरात 'तिरोडातील'! 'आमगावतील', 'गोरेगावतील'! सामान्यरूप नावाची गोष्ट इंग्रजीत नाही. तिथे 'इन' म्हटलं की तिरोडा तिरोडाच राहतं. आमच्याकडे प्रत्यय यायचा म्हटलं की नाव आधी जरा वाकतं, तिरोड्या होतं, आमगावा होतं. कोणी येणार म्हटल्यावर खुर्चीतून उठण्याची ही रीत कोणत्याही थीममध्ये नाही.

यावर एका जाणकार तरुणाने सोपा तोडगा दिला. मथळा असा करा : 'तालुका : तिरोडा'. काही वाकायला नको, काही चुकायला नको. तेव्हा माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला की सरकारी अर्जावर सगळीकडे 'नाव :', 'गाव :', 'जात :' का असतं. दोन टिंबं दिली की विभक्ती लागत नाही, विभक्ती नाही म्हणजे वाक्य नाही, आणि वाक्य नाही म्हणजे कोणी कोणाशी बोलत नाही. गुरुजींना तो तोडगा मंजूर नव्हता. तळ्यांची ओळख करून द्यायची आणि ती तलाठ्याच्या दप्तरासारखी? त्यांनी आठही तालुक्यांची रूपं हाताने लिहून काढायचं ठरवलं. डावीकडे तालुका, मध्ये बाण, उजवीकडे त्याचं वाकलेलं रूप. 'तिरोडा' ला 'तिरोड्यातील', 'आमगाव' ला 'आमगावातील', 'गोरेगाव' ला 'गोरेगावातील'. या आठ ओळी म्हणजे त्या चाळीस पानांतलं सर्वांत मराठी प्रकरण, आणि समीक्षक म्हणून माझी शिफारस अशी की आवृत्ती निघेल तेव्हा ती पहिल्या पानावर यावी.

अडलं ते फक्त सालेकशाशी. पैसा-पैशात, तसं सालेकसा-सालेकशातील, असं व्याकरणाने गुरुजींचं म्हणणं. त्यांच्या व्याह्यांचं गाव तेच. ते म्हणतात, आमचं गाव आम्हाला माहीत, 'सालेकसातील' म्हणा. पीएचपीत एकाच नावापुढे दोन रूपं लिहिली तर ती तक्रार करत नाही. शेवटचं ठेवते आणि आधीचं मुकाट्याने सोडून देते. गुरुजींनी दोन्ही ओळी ठेवल्या आहेत. व्याही यायचे असले की आदल्या रात्री त्या खालीवर करतात.